कोळी-पुरुष आणि आमचा नातू

बोलपटाविषयी आम्ही लेखणी हाती धरावी, याचे आमच्या नेहमीच्या वाचकांना थोडे नवल वाटेल. चित्रपटगृहाची पायरी आम्ही क्वचितच चढतो. त्यातून चितारलेल्या, इमारतींवरून उड्या मारणाऱ्या वीरांचे बोलपट मुलांनी पाहावेत आणि वडीलधाऱ्यांनी तेवढा वेळ बाहेर चहा घेत बसावे, अशीच आमची समजूत होती. ती समजूत इंदुरास मोडली. कशी, ते सांगतो.

सन २०२३ च्या जून महिन्यात, पहिल्याच आठवड्यात, आम्ही आमच्या भाचीकडे इंदुरास गेलो होतो. भाची तेथील एका रुग्णालयात परिचारिका आहे. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने रात्रीत इंदूर गाठले. सकाळी शेव भुरभुरलेले पोहे आणि जिलबी झाली, होळकरांचा राजवाडा पाहून झाला. पण भाचीच्या दहा वर्षांच्या मुलाचे लक्ष कशातच नव्हते. त्याचा एकच धोशा, “आजोबा, स्पायडर-मॅन पाहायला चला.” स्पायडर म्हणजे कोळी, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु आमच्या किनाऱ्याकडे कोळी म्हटला की होडी आणि मासळीचे जाळे डोळ्यांपुढे येते. जाळे फेकून आकाशातून जाणारा हा कोळी निराळाच! भाचीला त्या दिवशी कामावर जायचे होते. ती म्हणाली, “मामा, तुम्हीच जा त्याच्याबरोबर.” तेव्हा गेलो.

त्या बोलपटाचे नाव ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’. हा कोळी-पुरुष मूळचा अमेरिकेतील चित्रकथांतला. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली त्यास जन्म दिला. या बोलपटाचा नायक मात्र माइल्स नावाचा न्यूयॉर्कमधील शाळकरी मुलगा आहे. त्याचा बाप पोलिसात, आई परिचारिका. यापूर्वीचा भाग २०१८ साली निघाला आणि त्यास ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा दुसरा भाग १ जून २०२३ रोजी भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला, आणि त्यांत आपली मराठीही होती, हे वाचून समाधान वाटले. आम्ही पाहिला तो मात्र हिंदीतून.

प्रथम गुण सांगू. पहिला गुण चित्रकलेचा. कथेत अनेक जगे आहेत आणि प्रत्येक जगाची रंगरेषा वेगळी आहे. ग्वेन नावाच्या मुलीचे जग जलरंगांचे आहे. तिचे मन उदास झाले की भिंतींचे रंग ओघळू लागतात, बापलेकीची मने जुळली की ते उजळतात. मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेले ‘मुंबटन’ नावाचे शहर तर पाहताक्षणी ओळखीचे वाटले. जुन्या इंद्रजाल कॉमिक्सची धाटणी त्यासाठी घेतल्याचे मागाहून वाचनात आले. १९६४ साली सुरू झालेल्या त्या पुस्तिका मराठीतही निघत. वेताळाच्या गोष्टी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचल्याबद्दल आमच्या पिढीतील कितीकांनी छड्या खाल्ल्या असतील! त्या रंगांना इतक्या वर्षांनी पडद्यावर धावताना पाहून आम्ही क्षणभर वय विसरलो.

दुसरा गुण असा की, येथे आईबाप नुसते शोभेसाठी आणलेले नाहीत. माइल्स आपले गुपित घरी लपवतो, वेळ चुकवतो, थापा मारतो. आईला कळते की मूल हातचे सुटत आहे. ती रागावते, पण शेवटी मायेने त्याला जाऊ देते. ग्वेनचा बाप पोलिस अधिकारी. आपली मुलगीच तो शोधत असलेली कोळी-स्त्री आहे, असे कळताच तो तिला अटक करू पाहतो, आणि पुढे तिच्यासाठी नोकरीचे राजीनामापत्र देतो. तिसरा गुण खलपुरुषाचा. अंगभर काळी भोके पडलेला तो शास्त्रज्ञ आरंभी केवळ हास्यास्पद आहे. माइल्स त्याची टर उडवतो आणि त्या अपमानातूनच तो भयंकर होतो. शाळेत एखाद्या मुलास हसणाऱ्या मुलांनी एवढा भाग तरी नीट पाहावा.

आता दोष. बोलपट १४० मिनिटांचा आहे आणि त्यांतील बराच वेळ डोळ्यांना उसंत नाही. रंगांचे लखलखाट, कानठळ्या बसवणारे संगीत, शेकडो कोळी-पुरुषांची धावपळ यांत कोण कोणाचा, हे आमच्या ध्यानी येईना. नातवाने दोनदा समजावून सांगितले, तिसऱ्यांदा तो कंटाळला. मुंबटनचा वीर पवित्र प्रभाकर मोठा गोड मुलगा आहे. हिंदीत त्यास क्रिकेटपटू शुभमन गिल यांचा आवाज आहे. पण त्याचे दर्शन किती अल्प! चहाविषयी एक विनोद, इंग्रजांनी आपली संपत्ती नेली म्हणून एक टोमणा, वाहनांची गर्दी, एवढ्यात आपला देश आटोपला. त्या शहरात घरोघरी काय चालते, ते दिसत नाही. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे बोलपटास शेवटच नाही. ऐन संकटात नायक अडकला असता ‘पुढील भागी पाहा’ अशी पाटी! तो पुढील भाग मार्च २०२४ मध्ये येणार, असे तेव्हा जाहीर झाले होते. मागाहून ती तारीख लांबणीवर पडली. पदरमोड करून तिकीट काढणाऱ्या कुटुंबास अर्धीच गोष्ट सांगणे, हे आम्हांस रास्त वाटले नाही.

परंतु ज्या कारणासाठी आम्ही हे लिहीत आहो, ते पुढेच आहे. कथेच्या मध्यभागी एक प्रश्न आहे. मिगेल नावाचा कोळी-पुरुषांचा नायक सांगतो की, प्रत्येक कोळी-पुरुषाच्या आयुष्यात जवळच्या माणसाचा मृत्यू ठरलेला आहे. तो टळला तर ते सगळे जगच कोसळेल. माइल्सच्या बापाचाही मृत्यू असाच ठरलेला आहे, आणि लाखोंसाठी माइल्सने तो होऊ द्यावा. माइल्स म्हणतो, मी बापालाही वाचवीन आणि इतरांनाही.

चित्रपटगृहातून निघाल्यावर नातू गप्प होता. छप्पन दुकानांपाशी खाऊ घेऊन देऊ म्हटले, तरी मान हलवली. मग रिक्षात एकाएकी त्याने विचारले, “आजोबा, करोनात आई रुग्णालयातच राहायला गेली होती ना? तेव्हा तिचंही तसंच ठरलेलं होतं का? सगळे वाचावेत म्हणून?”

आम्ही निरुत्तर झालो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत भाची कित्येक दिवस घरी आली नव्हती. आठ वर्षांचे हे पोर खिडकीत बसून असे. आम्ही दूरध्वनीवरून “आई शूर आहे” असे सांगून त्याची समजूत घालत होतो. ती समजूत पटलीच नव्हती, हे दोन वर्षांनी त्या रिक्षात कळले. त्या पोराने मनाशी भलताच हिशेब मांडून ठेवला होता: सगळ्यांसाठी एक आई देऊन टाकायची.

रात्री भाची कामावरून आली, तेव्हा तिच्या कानी घातले. ती पोराजवळ जाऊन बसली. म्हणाली, “मला कोणी देऊन टाकलं नव्हतं रे. माझी मीच गेले होते. आणि तिथे आम्ही कोणाला जाऊ द्यायचं हे ठरवत नव्हतो. ज्याचा श्वास चालू, त्याच्यासाठी धडपडत होतो. मी परत यावं म्हणून बरोबरच्या बायका माझा मास्क रोज तपासायच्या.”

पोराने थोडा विचार केला. “म्हणजे माइल्सचंच बरोबर,” तो म्हणाला, आणि मग त्याला भूक लागली.

स्वतः होऊन दुसऱ्यासाठी जिवावर उदार होणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या जिवाचा हिशेब आपण मांडणे वेगळे. हा भेद आम्ही पुष्कळ वर्षे जाणतो असे समजत होतो; पण घरातील लहान मुलापाशी तो उलगडून सांगण्याचे आम्हांस कधी सुचले नव्हते. गोंगाटाच्या, अर्धवट सोडलेल्या एका बोलपटाने तो प्रसंग आणला. म्हणून त्याचे दोष आम्ही लिहिले खरे, पण त्याच्यावर रुसलो नाही.

वाचकांस एवढेच सुचवितो की, मुलांना असले बोलपट दाखवावेत, पण एकटे पाठवू नये. आणि परतताना लगेच “आवडला का?” असे विचारू नये. थोडा वेळ गप्प बसावे. मूल आपण होऊन काय विचारते, ते ऐकण्यासाठी तरी वडीलधाऱ्याने बाहेरचा चहा सोडून आत जाऊन बसावे.