रजा कुणाच्या नावावर?

सोमवार, 9 जून 2025
सुनेची 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपली, आज ती कामावर गेली. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करावी लागते. हिच्या ऑफिसात जेमतेम तीस माणसं. लेकाला तर खासगी नोकरीत बाप झाल्याची रजा द्यायला कायदाच नाही. नातू कोपऱ्यावरच्या पाळणाघरात.

बुधवार, 18 जून
पाळणाघराचा फोन: अंग तापलंय, घेऊन जा. सून हिंजवडीत, लेक नागपूरला. माझं ऑफिस जवळ, म्हणजे मीच. किरकोळ रजा वर्षाला आठ. साहेब म्हणाले, “मुलाची आई नाही का?”

सोमवार, 23 जून
आस्थापना शाखेत विचारलं. “मॅडम, बालसंगोपन रजा 180 दिवसांची आहे, पण स्वतःच्या अपत्यासाठी, तेही अठरा वर्षांचं होईपर्यंत.” राज्य सरकारने ती आम्हा कर्मचाऱ्यांना दिली 2018 साली. माझा मुलगा लहान होता तेव्हा रजा नव्हती. रजा आली तोवर मुलाने अठरा ओलांडलेली. राहिली अर्जित रजा. ती 300 दिवसांपर्यंत साठवता येते आणि निवृत्तीला तिचे रोख पैसे मिळतात. माझी तेवढी साठलेली नाही. म्हणजे नातवासाठी घेतलेला प्रत्येक दिवस माझ्या त्या पैशांतून जाणार. घरात हा खर्च कुणी धरत नाही. दूध-डायपरचा मात्र महिन्याला हिशेब होतो.

शनिवार, 5 जुलै
स्वीडनविषयी वाचलं. तिथे मुलामागे भत्त्यासह 480 दिवसांची रजा असते. 1 जुलै 2024 पासून आई आणि बाप, दोघांनाही आपापल्या वाट्यातले 45 दिवसांपर्यंत आजी-आजोबांना देता येतात. ब्रिटनमध्येही 2015 साली अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी आजी-आजोबांना रजेत वाटा देण्याची घोषणा केली होती. तिचा कायदा काही झाला नाही.

रविवार, 6 जुलै
सुनेला सांगितलं. ती म्हणाली, “आई, तुम्हाला रजा मिळाली की तुमच्या मुलाला घरी थांब असं कोण म्हणणार?” बरोबर बोलली. स्वीडनमध्येही बापाचे 90 दिवस आईच्या नावावर करता येत नाहीत.
कर्मचारी संघटनेच्या मागणीपत्रासाठी दोन मुद्दे लिहिले. एक: बापाला सक्तीची पगारी रजा, खासगी नोकरीतही. दोन: बालसंगोपन रजा नातवंडासाठीही. क्रम बदलू नये, अशी खाली टीप टाकली.