घड टाकायचा, खोड विकायचं

मनिलाहून दक्षिणेला निघालेल्या रात्रीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. होली वीक तोंडावर आला होता. गुड फ्रायडेचा हा आठवडा आला की राजधानीत घरकाम करणाऱ्या, सिमेंट कालवणाऱ्या, मॉलमध्ये उभ्या राहणाऱ्या बिकोल भागातल्या माणसांची गावाकडे रीघ लागते. बिकोलची पहिली ओळख मला अशी झाली. लुझॉन बेटावरच्या गरीब भागांत त्याची गणना होते, आणि घराघरातलं कुणी ना कुणी मनिलात किंवा परदेशात असतं.

माझी भाची लेगास्पी शहरात डॉक्टरकी शिकते. तिथे शिकणारी भारतीय मुलं बरीच आहेत, त्यात मराठीही आहेत. फोनवर ती एकदा म्हणाली, "मामा, इथे डोंगरभर केळी आहेत, पण घड कुणीच काढत नाही. नुसती खोडं कापून नेतात." आमच्या घरी रावेरला तीन पिढ्या केळी आहे. आम्ही घड कापतो आणि खोड शेतात कुजू देतो, नाहीतर बांधावर फेकतो. हे उलटं गणित पाहायला हवं, असं तेव्हाच मनात आलं.

बिकोल म्हणजे लुझॉनच्या आग्नेय टोकाची चिंचोळी, वाकडीतिकडी जमीन आणि दोन मोठी बेटं. प्रांत सहा: कामारिनेस नोर्ते, कामारिनेस सूर, आल्बाय आणि सोर्सोगोन जमिनीवर, कातान्दुआनेस आणि मास्बाते समुद्रात. सगळी मिळून वस्ती साठ लाखांच्या पुढे. पॅसिफिकमधून निघालेली चक्रीवादळं आधी याच किनाऱ्यावर येऊन आदळतात.

कामारिनेस नोर्ते मी बसच्या खिडकीतूनच पाहिला. पाराकालेतलं सोनं स्पॅनिश लोक येण्याआधीपासून प्रसिद्ध. दाएत गावात फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिझाल याचं देशातलं पहिलं स्मारक आहे. स्पॅनिशांनी 1896 साली त्याला गोळ्या घातल्या आणि दोनच वर्षांत या आडगावाने ते उभारलं. रस्त्याकडेला बुटक्या, गोड अननसांचे ढीग लागले होते. बस थांबली तेव्हा एक घेतला.

नागा हे कामारिनेस सूरमधलं मोठं शहर. स्पॅनिशांनी 1575 साली ते वसवलं, तेव्हाचं नाव नुएवा कासेरेस. सप्टेंबरात इथे पेन्याफ्रान्सियाच्या देवीमातेची जत्रा भरते. लोक तिला नुसतं 'इना' म्हणतात, म्हणजे आई. मूर्ती नदीतून नावेने परत येते आणि काठावर लाखो माणसं उभी असतात. 1972 साली या गर्दीच्या भाराने एक पूल कोसळून माणसं दगावली, तरी जत्रा कधी ओसरली नाही. मी गेलो तेव्हा नदी रिकामी होती, म्हणून बाजारात शिरलो. तिथल्या एका भाजीवालीने मला पाहताच हात हलवून नको-नको केलं. भाचीने नंतर फोनवर उलगडा केला. मोटारसायकलवरून फिरणारे पंजाबी सावकार इथे बाजारोबाजारी कर्ज देतात, पाच पेसो घ्यायचे आणि सहा फेडायचे. त्यामुळे भारतीय चेहरा दिसला की तो वसुलीलाच आला असणार, असा समज. बाई तिच्या जागी बरोबर होती.

याच प्रांतात बुही नावाचं तळं आहे. त्यात सिनारापान नावाचा मासा मिळतो. जगात जे मासे विक्रीसाठी धरतात त्यांत हा सर्वांत लहान, बोटाच्या पेरापेक्षा मोठा होत नाही. केळीच्या पानावर तो थापून वाळवतात आणि मग तळतात. एका चकतीत किती जीव असतील याचा विचार न करता खावा.

आल्बाय प्रांतातल्या लेगास्पीला उतरलो आणि मायोन ज्वालामुखी समोर आला. उंची 2,462 मीटर. समुद्रसपाटीपासून थेट उठलेला आणि चहूबाजूंनी सारखा उतरलेला शंकू. इतका रेखीव डोंगर नकली वाटतो आणि तेवढ्याने फोटो काढणाऱ्यांचं समाधानही होतं. मला मात्र त्याच्या पायथ्याच्या जमिनीत रस होता. 1616 पासून त्याचे पन्नासच्या वर उद्रेक नोंदले गेले आहेत. प्रत्येक उद्रेक राख देऊन जातो आणि तीच राख काही वर्षांत मिरची, अळू, नारळ, भात पिकवते. शिखरापासून सहा किलोमीटरच्या आत कायमची बंदी आहे, पण त्या रेषेच्या आत-बाहेर भाजीचे वाफे दिसतातच. काळी, भुसभुशीत, पाण्याचा निचरा होणारी ती माती हातात घेतल्यावर मला त्या शेतकऱ्यांना शहाणपण शिकवायची इच्छा उरली नाही.

कागसावाचं पडकं चर्च सगळेच पाहतात. 1 फेब्रुवारी 1814 च्या उद्रेकात इथे बाराशेच्या आसपास माणसं मेली असं मानतात. आज उभा आहे तो फक्त घंटेचा मनोरा. ज्वालामुखीने चर्च गिळलं आणि मनोरा तेवढा उरला, अशी गोष्ट वाटाडे रंगवून सांगतात. जुन्या छायाचित्रांत मात्र चर्चची दर्शनी भिंत विसाव्या शतकातही उभी दिसते. ती पडली नंतरच्या भूकंपांत. मायोनच्या नावावर थोडं जास्तीचंही खपवलं जातं, इतकंच.

अलीकडचा खरा घाव वेगळा आहे. 30 नोव्हेंबर 2006 ला रेमिंग हे चक्रीवादळ आलं. पावसाने डोंगरावरची सैल राख आणि दगड खाली लोटले, आणि त्या चिखलाच्या लोंढ्याखाली दारागा, गिनोबातान भागातली गावं गाडली गेली. मेलेले आणि बेपत्ता मिळून हजारावर माणसं गेली, त्यांतली बहुतेक याच प्रांतातली. त्यानंतर आल्बायने वादळाआधीच गावं रिकामी करण्याची शिस्त लावून घेतली. आपत्ती निवारणात या प्रांताचं नाव आज आदराने घेतलं जातं. पण त्याच लोंढ्यांनी आणलेली वाळू आणि खडी विकण्याचाही इथे मोठा धंदा आहे. 2020 च्या वादळात गिनोबातानची घरं पुन्हा गाडली गेली, तेव्हा लोकांनी बोट दाखवलं ते खाणींकडे. मग सरकारने खाणकाम काही काळ थांबवलं. लेगास्पीच्या रस्त्यावर खडीचे ट्रक पाहिले की डोंगर देतो आणि नेतो असली वाक्यं मला पटत नाहीत. देणं-नेणं कुणाच्या हिशेबात जमा होतं हे पाहावं लागतं.

भाचीच्या खोलीमालकिणीने जेवायला लाइंग केलं होतं. वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात मंद शिजवायची, त्यात आलं, सुकी मासळी आणि ओंजळभर मिरची. फिलिपिन्समध्ये एरवी जेवण गोडसर असतं. तिखट खाणारे म्हणून बिकोली लोकांची इतरत्र थट्टा होते. ही मिरची मेक्सिकोहून स्पॅनिश गलबतांनी आणली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी. खाज येऊ नये म्हणून आपण अळवात चिंच घालतो. बाई म्हणाल्या, "पानं पूर्ण शिजेपर्यंत डाव घालायचा नाही, ढवळलं की घसा खवखवतो." मला भाकरीची उणीव भासली. भाचीने निमूटपणे भात वाढला.

सोर्सोगोनमधल्या दोन्सोलला बुतान्दिंग पाहायला गेलो. बुतान्दिंग म्हणजे देवमुशी, जगातला सर्वांत मोठा मासा. गुजरातच्या किनाऱ्यावर तिची एकेकाळी बेसुमार शिकार होई. दोन्सोलच्या कोळ्यांना ती कायमच दिसत असे, पण 1998 मध्ये बाहेरच्या पाणबुड्यांनी चित्रण केलं आणि गावाचं नशीब फिरलं. तेच कोळी आता वाटाडे आहेत. नियम कडक: एका माशाजवळ सहाहून जास्त माणसं नाहीत, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, प्राणवायूची टाकी नाही. सेबू प्रांतात ओस्लोबला या माशांना खायला घालून रोज हजर ठेवतात. दोन्सोल ते करत नाही, म्हणून इथे मासा न दिसण्याचीही शक्यता असते. अलीकडच्या वर्षांत मासे कमी झाले आहेत आणि त्याबरोबर पर्यटकही. मला एक दिसला, पाठीवर पांढरे ठिपके, बसएवढा, माझ्याकडे पूर्ण दुर्लक्ष करून गेला. पैसे वसूल झाले, पण मला जास्त आवडला तो गावाचा हट्ट.

जवळच्या पिलार बंदरातून मास्बातेच्या बोटी सुटतात. तो गुरांचा प्रांत. गवताळ टेकड्या, घोड्यावरचे गुराखी आणि दरवर्षी भरणारा रोडिओ. होली वीकच्या गर्दीत तिकीट मिळेना, तेव्हा मास्बाते राहिलं.

काढून ठेवलेले पैसे आणि दिवस कातान्दुआनेससाठी होते. ताबाको बंदरातून बोटीने साडेतीन-चार तास, मग विराक गाव, मग डोंगर. हा प्रांत 1945 पर्यंत आल्बायचा भाग होता. देशात सर्वांत जास्त अबाका इथे पिकतो आणि जगाचा बहुतेक अबाका फिलिपिन्समधूनच जातो.

अबाका केळीच्याच कुळातला. लांबून पाहिलं तर आमच्याच शेतात आल्यासारखं वाटतं. पानं जरा अरुंद आणि उभट, खोड सडपातळ. घड येतो तो बोटाएवढ्या, बियांनी भरलेल्या फळांचा. तो कुणी खात नाही, आणि घड येण्याच्या सुमारास खोड कापायचं. कोयत्याने पाडलेल्या खोडाचे पदर सोलून त्यांच्या पट्ट्या काढतात. मग पट्टी सुरीखाली दाबून धरून सगळ्या अंगाच्या जोराने मागे ओढायची. गर मागे राहतो आणि हातात येतो चकाकता, माणसाहून उंच धागा. दिवसभर हे करणाऱ्या माणसाचे दंड पाहावेत. वाळलेला धागा खाऱ्या पाण्यात कुजत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांनी जहाजांच्या दोरांसाठी तो खरेदी केला आणि लेगास्पी बंदर त्यावर वाढलं. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपिन्स घेतल्यावर अमेरिकेला मध्य अमेरिकेत अबाका लावावा लागला. नायलॉनने दोरांची बाजारपेठ खाल्ली, तरी अबाका मेला नाही. आज त्याचा लगदा चहाच्या पुरचुंड्यांत आणि जपानी नोटांच्या कागदात जातो.

ज्यांच्या मळ्यात गेलो त्यांना भाची 'मानोय' म्हणत होती, म्हणजे थोरले भाऊ. तिच्या तोडक्या बिकोलीवर आमचं संभाषण चाललं. मी शेंड्याला पानं गुच्छासारखी आखडलेली रोपं दाखवली, तशी मानोय चमकले. तो पर्णगुच्छ रोग. आमच्या केळीवरही येतो, मावाच पसरवतो. दोघांनीही एकाच तऱ्हेने मान हलवली. इलाज दोघांचाही एकच, रोप उपटून टाकणं.

1 नोव्हेंबर 2020 ला रोली नावाचं चक्रीवादळ या बेटाच्या बातो गावावर थेट उतरलं. वारा ताशी 225 किलोमीटर. मानोयचा डोंगर आडवा झाला. अबाका नव्याने लावला तर पहिल्या कापणीला दीड ते दोन वर्षं लागतात. मग पिल्लांमधून वर्षानुवर्षं कापणी होते, पण ती दीड-दोन वर्षं काढायची कशी? त्यांचा मुलगा तेव्हा मनिलाला गेला तो अजून तिथेच आहे. माझ्या बसमध्ये तसेच अनेक असणार.

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे केळी पडली तर काय करता? मी सांगितलं, जूनच्या तोंडावर वादळ येतं, घडांनी लगडलेली बाग एका संध्याकाळी झोपते, पण आमच्याकडे हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे. ते पुढे सरकले. पैसे मिळायला वारा किती लागतो? म्हटलं, ताशी 40 किलोमीटरच्या वर.

भाचीने भाषांतर केलं. मानोयनी तिला तो आकडा पुन्हा म्हणायला लावला, मग घराकडे तोंड करून बायकोला मोठ्याने ऐकवला. आतून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक वाक्य. भाचीही हसू आवरत म्हणाली, "मामा, त्या म्हणतायत की चाळीसला तर आम्ही दोरीवरचे कपडेसुद्धा काढत नाही."