पाच डॉलरचं तिकीट

आमचा धंदा कर्णे-माइक भाड्याने देण्याचा. मिरजेत अब्बांनी तो सुरू केला, पुढे मी चालवला. उरूस, शादी, कव्वालीचे मुकाबले, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे आमची वायर पोचायची. त्यामुळे गाणं मी ऐकतो ते माइकवाल्याच्या जागेवरून, म्हणजे मंचाच्या कडेला बसून. तिथून गवई दिसतो तशी समोरची गर्दीही दिसते, आणि तिकिटाची पेटी कुणाच्या हातात आहे तेही दिसतं. 'फुगाझी' या अमेरिकन रॉक बँडबद्दल मी लिहितोय ते याच जागेवरून. गाण्यातलं इंग्रजी मला अर्धंमुर्धंच कळतं, हे आधीच सांगतो.

माझा भाचा नोकरीसाठी व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला असतो. वॉशिंग्टन शहराला लागूनच हे गाव. एका सुट्टीत त्याने सीडी आणली आणि म्हणाला, "मामू, गोंगाट आहे, पण एकदा ऐका." पहिल्यांदा खरोखर गोंगाटच वाटला. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की ही माणसं मध्येच गप्प बसतात. गिटार थांबते, ढोल थांबतो, नुसता बास चालत राहतो, आणि मग सगळे एकदम तुटून पडतात. गाण्यात शांतता ठेवायला हिंमत लागते. नवशिका गवई जागा रिकामी ठेवायला घाबरतो, हे मी हजारदा पाहिलंय.

हा बँड निघाला 'हार्डकोर' नावाच्या प्रकारातून. मिनिटा-दीड मिनिटाची, धावत सुटलेली, ओरडून म्हटलेली गाणी म्हणजे हार्डकोर. वॉशिंग्टन हे त्याचं एक मोठं ठाणं. इयन मॅकाय हा तिथलाच मुलगा. त्याचे वडील 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये धर्मविषयक लिखाण करायचे. 1980 साली मॅकायने मित्रांबरोबर 'डिस्कॉर्ड' नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली, आर्लिंग्टनमधल्या एका साध्या घरातून ती चालायची. त्याच्या 'मायनर थ्रेट' या बँडचं 1981 सालचं एक गाणं दारू आणि नशेला नाही म्हणणारं होतं. त्यातून पुढे पोरांचा एक पंथच उभा राहिला. आपल्या घरांत दारूला नाही म्हणणं ही थोरल्यांची शिकवण. तिकडे तेच बंड ठरलं, याची मला मोठी गंमत वाटते. मॅकायला मात्र तो पंथ नको होता, तो स्वतःपुरतं बोलला होता.

फुगाझीची पहिली मैफल 3 सप्टेंबर 1987 ची. मॅकाय, बासवर जो लॅली, ढोलावर ब्रेंडन कँटी, आणि थोडा मागाहून गाय पिचोटो. नाव व्हिएतनामच्या लढाईतल्या शिपायांच्या बोलीतलं, अर्थ साधारण 'सगळा बट्ट्याबोळ'. लॅलीच्या बासमध्ये जमैकाच्या रेगेची चाल आहे, त्यामुळे गाणं धावायचं सोडून चालू लागलं. पुढे लोकांनी या वळणाला 'पोस्ट-हार्डकोर' म्हटलं. पिचोटोचं काय सांगावं! 1988 साली फिलाडेल्फियाच्या एका व्यायामशाळेत हा माणूस बास्केटबॉलच्या कड्यात उलटा लटकून गायला. जेम कोहेन यांच्या 1999 च्या 'इन्स्ट्रुमेंट' या माहितीपटात ते दिसतं. आमचा माइक असता तर माझा जीव वायरीत अडकला असता.

पण माझं लक्ष तिकिटाकडे. मैफल पाच डॉलरला, आणि कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश. पुढे एक-दोन डॉलर वाढले असतील तेवढेच. अमेरिकेत क्लबची कमाई दारूवर, म्हणून बऱ्याच ठिकाणी एकवीस वर्षांखालच्या पोरांना दारातच अडवतात. यांनी क्लबवाल्यांशी हुज्जत घातली, जिथे जमलं नाही तिथे चर्चच्या सभागृहात, शाळेच्या व्यायामशाळेत वाजवलं. मॅनेजर नाही, मैफली ठरवायचं काम मॅकाय स्वतः करायचा. टी-शर्टही विकले नाहीत. कुणीतरी 'हा फुगाझीचा टी-शर्ट नाही' असं छापूनच विकायला काढले! त्यांच्या शहरात ते बहुतेक वेळा फुकट किंवा कुणाच्या मदतीसाठीच वाजवायचे. 12 जानेवारी 1991 ला, आखाती युद्धाच्या तोंडावर, व्हाइट हाउससमोरच्या बागेत थंडी-पावसात वाजवलं. आठवड्याच्या आत बगदादवर बॉम्ब पडू लागले. गाण्याने युद्ध थांबत नाही. पण त्या शहरात त्या दिवशी कोण कुठे उभं होतं, हे लिहून ठेवायला हवं.

अब्बांची एक सवय होती. तिकिटाची कव्वाली असली की ते एक कर्णा मुद्दाम रस्त्याच्या बाजूला वळवायचे. कनातीबाहेर हमाल, टांगेवाले, पोरं बसायची, त्यांच्यासाठी. कंत्राटदार भडकायचा, "फुकट्यांना ऐकवता काय?" अब्बा म्हणायचे, "आवाज घुमतोय साहेब, तो उलटा केल्याशिवाय जमत नाही." दोन कंत्राटदारांनी आमचं काम कायमचं बंद केलं. त्या वर्षी ईदला आम्हाला नवे कपडे मिळाले नाहीत, ते मला आठवतं. म्हणून पाच डॉलरचा हिशेब मला मुळीच हलका वाटत नाही. त्याची किंमत कुणीतरी भरतच असतं.

आता 1993 सालची गोष्ट. न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये फुगाझीच्या मैफलीनंतर त्यांना भेटायला अहमद एर्तेगुन आले. हे नाव आपल्या वाचकांना माहीत असायला हवं. त्यांचे वडील मुनीर एर्तेगुन वॉशिंग्टनमध्ये तुर्कस्तानचे राजदूत होते. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून गाणं ऐकायला शहरात जागा मिळणं मुश्कील होतं, त्या काळात अहमद आणि त्यांचे भाऊ नेसुही यांनी राजदूताच्या घराचं दार काळ्या जाझ वादकांना उघडलं. 1944 साली मुनीरसाहेबांचा इंतकाल झाला तेव्हा जनाज्यासाठी वॉशिंग्टनमध्ये मशीद नव्हती. त्यातूनच इस्लामिक सेंटर बांधायचा विचार निघाला, आणि 1957 मध्ये ते खुलं झालं. माझा भाचा कधीमधी जुम्म्याला तिथे जातो. अहमद यांनी 1947 मध्ये, घरच्या दातांच्या डॉक्टरकडून दहा हजार डॉलर उसने घेऊन, 'अटलांटिक' ही रेकॉर्ड कंपनी उभारण्यात भाग घेतला. रे चार्ल्स, अरेथा फ्रँकलिन तिथूनच जगाला ऐकू गेले.

असा माणूस मंचामागे येऊन म्हणतो, हवं ते मागा. स्वतःचा वेगळा लेबल आणि एक कोटी डॉलरहून जास्त, असं सांगितलं जातं. चौघांनी नम्रपणे नकार दिला.

या गोष्टीत एर्तेगुन यांना खलनायक करणारे मला आवडत नाहीत. गाण्याची पारख असलेला, काळ्या कलावंतांसाठी घर उघडणारा माणूस होता तो. पण त्याच कंपनीच्या रूथ ब्राउन या गायिकेला आपल्या रॉयल्टीसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, हेही खरं. दार उघडणारा आणि हिशेबाची वही ठेवणारा एकच असला की असं होतं. फुगाझीने वही आपल्याच घरात ठेवली, एवढंच. म्हणून तिकिटावर किती लिहायचं ते त्यांच्या हातात राहिलं. मागितलेले पैसे कमी होते, पण ते मागणारे तेच होते.

आणि म्हणूनच त्यांना गर्दीशी बोलता आलं. अशा मैफलीत पुढची दांडगी पोरं एकमेकांवर आदळतात, बायका-मुली आणि लहानगे मागे ढकलले जातात. फुगाझी गाणं मध्येच थांबवायचे, मारामारी करणाऱ्याला समज द्यायचे. ऐकलं नाही तर त्याला बाहेर नेऊन पाकिटात घातलेले त्याचे पाच डॉलर परत करायचे. मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. आमच्याकडे मुकाबल्यात हुल्लड झाली की कंत्राटदार मला खुणावतो, आवाज वाढव. माझी मुलगी बारा वर्षांची असताना हट्टाने कव्वालीला आली होती. धक्काबुक्की सुरू झाल्यावर ती माझ्या अँप्लिफायरच्या पेटीमागे बसून राहिली, आणि नंतर कधी आली नाही. कार्यक्रम थांबला नव्हता. तिकीट महाग होतं, लोकांना पैसे परत देण्याची सोयच नव्हती.

4 नोव्हेंबर 2002 ला लंडनला त्यांची शेवटची मैफल झाली. निरोपाचा समारंभ नाही, भांडण नाही. कुणाची मुलं लहान, कुणाची घरची कामं. त्यानंतर या नावाने त्यांची जाहीर मैफल झालेली नाही, मोठ्या रकमा पुढे आल्या तरी. हजारेक मैफलींपैकी आठशेहून अधिक त्यांच्या माइकवाल्यांनी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. 2011 पासून त्या लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. सुचवलेली किंमत पाच डॉलर, ज्याला जमेल त्याने कमी-जास्त द्यावी. भाच्याने दोन पाठवल्या आहेत. एकीत गाणं थांबतं, मॅकाय कुणाशी तरी शांतपणे बोलतो, आणि मागे कुठेतरी माइक बारीक शिट्टी मारत राहतो. तो आवाज बंद करायला माझा हात आपोआप पुढे जातो.