सात रात्रींचं सोनं

पेट्रोल पंपावर नाहीतर मॉलच्या एस्कलेटरपाशी तुम्ही कधी ना कधी ते कूपन भरलेलं असणारच. नाव, मोबाइल नंबर, मॅरिड की अनमॅरिड, स्वतःची गाडी आहे का. आठवड्याभरात फोन येतो, "काँग्रॅच्युलेशन्स, तुमचा लकी ड्रॉ लागलाय!" बक्षीस घ्यायला मिस्टर-मिसेस दोघांनीही यायचं, रविवारी सकाळी, कुठल्याशा हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये. गोव्यात कळंगुट-बागाच्या रस्त्यावर एके काळी हेच काम स्क्रॅच कार्डं करायची आणि जाळ्यात गोरे टुरिस्ट सापडायचे. दोन तासांनी तुम्ही बाहेर पडता तेव्हा हातात एक तर फुकटचा डिनर सेट असतो, नाहीतर पंचवीस वर्षांची मेंबरशिप.

टाइमशेअर घेऊ नका, असं सांगणारे तुम्हाला शंभर जण भेटतील. त्यात मी एकशे एकावी कशाला? मला बोलायचंय ते ज्यांच्या घरात ही मेंबरशिप ऑलरेडी आहे त्यांच्याशी. कपाटात, एलआयसीच्या पॉलिसीखाली, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये पडलेली. आईबाबांनी घेतलेली, दरवर्षी फी भरली जाणारी आणि चार वर्षांतून एकदा वापरली जाणारी.

आमच्याकडे ती २००२ पासून आहे. बाबा सरकारी बँकेत होते. २००१ मध्ये बँकांत व्हीआरएसची लाट आली, तिच्यात बाहेर पडले. आलेल्या पैशातले दीड लाख त्यांनी एका हॉलिडे कंपनीला दिले. हिशोबाचा माणूस, पण त्या वेळी त्यांना हिशोब नको होता. नोकरीभर एलटीसी घेऊन नातेवाइकांकडे उतरलेला माणूस आता रिसॉर्टला उतरणार होता. वर्षाला सात रात्री, वन बेडरूम, पांढरा सीझन, पंचवीस वर्षं. मग पहिली सहा वर्षं दर सप्टेंबरला उटी. त्याच रिसॉर्टला, शक्यतो त्याच मजल्यावर. पुढे गुडघे दुखायला लागले, दादा सिंगापूरला गेला आणि रात्री नुसत्याच लॅप्स व्हायला लागल्या. २०१४ मध्ये मला पहिली नोकरी लागली, तेव्हा बाबांनी ते फोल्डर माझ्या हातात दिलं. "तू बघ आता हे."

मग मी काय केलं? नियमांची पुस्तिका वाचली. खरंच वाचली, पहिल्या पानापासून. ती कोणीच वाचत नाही आणि सगळी गंमत तिथेच आहे.

तर बेसिक गोष्ट अशी. टाइमशेअरची आयडिया युरोपातली, १९६०च्या दशकातली. स्वित्झर्लंडची हापिमाग १९६३ची. आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ मध्ये आली, महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये. मूळ कल्पना साधी होती: वर्षाचे आठवडे बावन्न, त्यातला एक तुमचा. पण दरवर्षी त्याच आठवड्यात त्याच खोलीत जाऊन माणूस कंटाळतो (आमचे बाबा सोडून). म्हणून १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय सुरू झाली, दोन वर्षांनी इंटरव्हल इंटरनॅशनल. या रिसॉर्ट चालवणाऱ्या कंपन्या नव्हेत, या अदलाबदल करून देणाऱ्या. तुमचा आठवडा त्यांच्याकडे जमा करायचा, दुसऱ्या कोणी जमा केलेला उचलायचा. पॉइंट्सचा प्रकार त्याच्या पुढचा. तिथे आठवडा नसतोच. वर्षाला ठरावीक पॉइंट्स मिळतात, आणि प्रत्येक खोलीचा, प्रत्येक रात्रीचा भाव तक्त्यात लिहिलेला असतो. शुक्रवार-शनिवार महाग, सोमवार ते गुरुवार स्वस्त.

म्हणजे तुमच्याकडे रिसॉर्टमधली खोली नाही. तुमच्याकडे एक चलन आहे. आणि कुठल्याही चलनासारखा त्याचा भाव तुम्ही ते कधी आणि कुठे खर्च करता यावर ठरतो.

आमचा भाव सांगते. दीड लाख भागिले पंचवीस म्हणजे वर्षाला सहा हजार. वार्षिक फी टॅक्ससकट सध्या बावीस हजार. झाले अठ्ठावीस. सातही रात्री वापरल्या तर एक रात्र चार हजारांना पडते. चारच वापरल्या तर सात हजारांना. एकही नाही वापरली तर अठ्ठावीस हजार कंपनीला दान. हे मी बाबांना एक्सेलमध्ये काढून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून एकच प्रश्न विचारला, "आणि दीड लाखावरचं व्याज कुठे धरलंयस?" बँकर रिटायर होतो, सवय होत नाही.

तुमचा आकडा वेगळा येईल, पण काढून बघाच. त्याच रिसॉर्टची त्याच तारखेची खोली बुकिंग साइटवर कितीला आहे ते शेजारी लिहा. आपण पांढरा-निळा सीझन घेऊन ऑफ सीझनला जातो आणि तिथे साधं हॉटेलच तीन हजारांत मिळत असतं, असंही निघतं कधीकधी. मग रात्री जमा करायच्या आणि रोकड्याने राहायचं. यात लाज कसली?

आता अदलाबदल. इथे लोक एकाच गोष्टीत मार खातात, ती म्हणजे उशीर. आठवडा जमा केला की त्याला एक वजन मिळतं, ट्रेडिंग पॉवर म्हणतात तिला. रिसॉर्ट कुठला, सीझन कुठला, खोली केवढी, हे तर त्यात धरतातच. पण तुम्ही किती आधी जमा केलं हेही धरतात. आरसीआयकडे साधारण नऊ महिने आधी दिलात तर पूर्ण वजन, मग जसजशी तारीख जवळ येते तसतसं ते उतरत जातं. लोकलच्या डब्यात चर्चगेटलाच चढलात तर खिडकी, दादरला चढलात तर दांडा. २०१० पासून आरसीआयच्या वीक्समध्ये हे वजन आकड्यात दिसायला लागलं, आणि वजनदार आठवडा देऊन हलका घेतला तर उरलेलं सुटे पैसे परत मिळाल्यासारखं खात्यात राहायला लागलं. त्याआधी सगळा मामला बंद मुठीचा होता.

मी २०१७ चा आमचा आठवडा जवळजवळ वर्षभर आधी देऊन टाकला आणि सप्टेंबरात फुकेतला वन बेडरूम मिळवली. आम्ही तिघी मैत्रिणी. सप्टेंबर म्हणजे तिथे पाऊस, त्यामुळे उचलायला फार कोणी नव्हतं. एक्स्चेंज फी एकदाच लागते, दोन रात्री राहा की सात. म्हणून परदेशातला एक्स्चेंज पूर्ण आठवडा राहणार असाल तरच घ्यावा. आणि बुक करण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा. काही रिसॉर्ट वेगळी लोकल फी घेतात, काही ठिकाणी जेवणाचं पॅकेज सक्तीचं असतं. "फ्री एक्स्चेंज" मग भलताच महाग पडतो.

हवी ती जागा दिसत नसेल तर नाद सोडू नका, विनंती टाकून ठेवा. लोक कॅन्सल करतात. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत रिकाम्या राहिलेल्या खोल्या कमी वजनावरही सुटतात. अर्थात तेव्हा तुम्हाला रजा मिळाली पाहिजे, आणि खरी टंचाई तिचीच आहे. पॉइंट्स कॅरी फॉरवर्ड होतात, बॉसचा मूड होत नाही. म्हणून मी आता उलटीकडून सुरुवात करते. आधी ऑफिसचं हॉलिडे कॅलेंडर, मग रजा, मग रिसॉर्ट. लाँग वीकेंड सरळ सोडून देते. त्या चार दिवसांसाठी अख्खं ऑफिस भांडत असतं आणि पॉइंट्सचा भावही चढलेला असतो.

सीझनच्या रंगांचंही असंच. लाल म्हणजे गर्दीचा, पांढरा मधला, निळा मंदीचा. पण मंदी कोणासाठी, हे विचारायला हवं. ही गोष्ट मला कळली ती २०२२ मध्ये.

दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं २०१९ ला येऊन गेले होते. मग कोविड. धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. पुढची तीन वर्षं त्याने आजोबांना बघितलं ते मोबाइलच्या स्क्रीनएवढंच. २७ मार्च २०२२ ला भारतात आंतरराष्ट्रीय विमानं नेहमीसारखी सुरू झाली आणि आईने त्याच रात्री दादाला फोन लावला. आता या. तो म्हणाला, डिसेंबरला येऊ. आई काहीच बोलली नाही. बाबांची अँजिओप्लास्टी जानेवारीत झाली होती, आणि डिसेंबर तिला फार लांब वाटत होता.

मी फोल्डर काढलं. लॉकडाऊनमुळे कंपनीने २०२० च्या सात रात्री पुढे ढकलल्या होत्या, त्या जूनअखेर बाद होणार होत्या. २०२१ च्याही सात शिल्लक होत्या. पांढऱ्या सीझनवर डिसेंबरचा गोवा मिळणं शक्यच नव्हतं. पण सिंगापूरच्या शाळांना जूनमध्ये महिनाभर सुट्टी असते. आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. म्हणजे दादाची मुलं मोकळी असतात, नेमकी तेव्हाच आपल्याकडची गर्दी घरी परतलेली असते. गोव्यात शॅक्स मे अखेर बंद झालेले, समुद्रात उतरायला मनाई, कंपनीच्या तक्त्यात निळा रंग. आणि त्याच तक्त्याच्या तळाशी एक ओळ: दोन पांढऱ्या रात्रींच्या बदल्यात तीन निळ्या.

दोन वन बेडरूम, सहा रात्री, १९ ते २५ जून. बारा निळ्या म्हणजे आठ पांढऱ्या. बाद होणाऱ्या सात आणि वर एक. आजच्या भावाने बत्तीस हजार, म्हणजे एका फ्लॅटची रात्र पावणेसत्तावीसशेच्या आत. बाबांच्या गुडघ्यांसाठी तळमजल्याची विनंती मी बुकिंगबरोबरच ईमेलने टाकली. फोनवर सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. मी बाबा-आईंच्या हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर. किचनेट होतं, पण आईला मी आधीच बजावलं होतं, चहा सोडून काही करायचं नाही. तरी तिसऱ्या दिवशी तिने पोहे केलेच.

सहाही दिवस धो धो पाऊस. कुठे जायचं नव्हतं. बाबा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि धाकट्याला पत्ते शिकवायचे. पहिले दोन दिवस तो त्यांच्याशी इंग्लिशमध्ये बोलला, फार आदबीने, एखाद्या पाहुण्याशी बोलावं तसा. चोवीस तारखेला सांजांव होता. रिसॉर्टच्या मागच्या वाड्यावर पोरं डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून विहिरीत उड्या मारत होती. तिथल्या एका काकूंनी आमच्याही दोघांच्या डोक्यावर कोपेल चढवलं. धाकट्याने ते काढून बाबांना घातलं. संध्याकाळी तो त्यांना "आजोबा, चीटिंग नाही हां" म्हणत होता.

डिसेंबरच्या लाल सीझनमध्ये हेच सगळं तीनपट भावाने मिळालं असतं, आणि पावसाअभावी सगळे दिवसभर बीचवर असते.

तेव्हापासून ऑफिसमध्ये लोक मला मेंबरशिपचे प्रश्न विचारतात. सगळ्यात कॉमन, "विकता येईल का?" रीसेलचा भाव फार पडलेला असतो, मनाची तयारी ठेवा. आणि "तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त प्रोसेसिंग फी आधी भरा" असा फोन आला की ठेवून द्या, ती निव्वळ फसवणूक असते. अपग्रेडच्या फोनचंही मी सोपं करून टाकलंय. म्हणते, जे सांगताय ते ईमेलवर पाठवा. निम्मे ऑफर्स तिथेच विरघळतात. स्वतःला जमत नसेल तर रात्री भावंडांना, मित्रांना द्या. बहुतेक ठिकाणी गेस्टच्या नावाने बुकिंग करता येतं, कधी थोडी फी पडते. मात्र भाड्याने द्यायच्या आधी नियम बघा, अनेक कंपन्यांना ते चालत नाही.

आमची मुदत ऑगस्ट २०२७ ला संपते. एक्स्टेन्शनसाठी कंपनीचे फोन सुरू झालेत. मी नको म्हणून सांगितलंय. बावीस हजारांची फी दरवर्षी वाढणारच आहे, आणि मला पुढची पंचवीस वर्षं आत्ता ठरवायची नाहीत.

पण शेवटच्या रात्रींचं ठरलंय. २०२६ च्या सात रात्री मी हात न लावता पुढे नेणार. त्या आणि २०२७ च्या सात, मिळून चौदा पांढऱ्या. दोन पांढऱ्यांना एक लाल या भावाने सात लाल होतात. एका रात्रीला आठ हजार. माझ्या एक्सेलमधला सगळ्यात वाईट सौदा. मे महिन्यातली उटी. तिथल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये मे महिन्यात फ्लॉवर शो भरतो. सहा वर्षं सप्टेंबरला तिथे जाऊन बाबांनी तो एकदाही बघितलेला नाही. यंदा त्यांनी व्याजाबद्दल काही विचारलं नाही. तळमजला मिळेल ना, एवढंच विचारलं. दादाला तारखा व्हॉट्सअॅपवर टाकल्यात. त्याची ब्लू टिक आलीय, उत्तर यायचंय.