पुढच्या सीटवर तिघं

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

आप्पांची फियाट आज आजऱ्याहून घरी आली. ट्रकवरून उतरवताना पाऊस होता. चार माणसांनी फळ्यांवरून ती हळूहळू खाली घेतली आणि मी छत्री टाकून बॉनेटवर हात ठेवून चालत राहिले, जणू गाय उतरवतोय.

सहा वर्षं ती भावाच्या खोपीत उभी होती. दार उघडलं, तर रेक्झिन, जुनं पेट्रोल आणि त्याच्या खाली अगदी पुसट स्पिरिटचा वास. आप्पांची डॉक्टरी बॅग मागच्या सीटखाली असायची, तो वास अजून तिथंच आहे. मी दार लगेच लावून घेतलं, वास उडून जाऊ नये म्हणून.

फियाट ११००, डिलाइट. आप्पांनी १९६६ ला नंबर लावला, गाडी मिळाली १९७० ला. कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यातून निघणाऱ्या या गाडीसाठी माणसं तेव्हा वर्षानुवर्षं वाट बघायची. पुढं १९७४ पासून हीच गाडी पद्मिनी या नावानं निघू लागली.

हे बराच वेळ गॅलरीतून बघत होते. शेवटी खाली आले आणि म्हणाले, "अगं, ही तर टॅक्सी." त्यांचं बालपण गिरगावातलं. त्यांनी लहानपणापासून ही गाडी काळीपिवळीच बघितली, मीटर पाडून चालणारी. मी रात्री बराच वेळ जागी होते. ज्या गाडीचा आवाज फाट्यावरून ऐकून मी अभ्यासावरून उठत असे, ती यांच्यासाठी एक भाड्याची गाडी आहे. यात त्यांची चूक काहीच नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट

उद्यमनगरातून चाचा आले. वय सत्तरच्या वर, हातात पान्यांची पिशवी. इंजिन जाम आहे. त्यांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं थोडं डिझेल सोडलं आणि हात पुसले.

"आता चार दिस हात लावू नका, वैनी. अडकल्यालं इंजिन ताकदीनं सुटत न्हाई."

पेट्रोलची टाकी खोलून नेली. आत गंज आहे. बारीक खडी आणि रॉकेल घालून ती घुसळायची, खडी सगळा गंज खरवडून काढते. रबरी नळ्या तर सगळ्याच बदलायच्या, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे आणि जुनं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं. पंपाचा पडदाही नवा हवा. जुन्या गाडीवर माया करणाऱ्यांनी पॉलिशच्या आधी या नळ्यांकडं बघावं, असं मला फार वाटतं. चकाकणारी गाडी आणि कुजलेली नळी, यानंच आगी लागतात.

मंगळवार, १२ ऑगस्ट

गाडी चौथ्यात टाकली आणि चाचा, माझा धाकटा, मी अशी मागं-पुढं ढकलत राहिलो. पंधरा-वीस वेळा काहीच नाही. मग आतून एक 'खट्' असा आवाज आला आणि चाकांबरोबर इंजिन फिरलं. चाचांनी बॉनेटला हात लावून तो छातीला लावला. मीही तसंच केलं.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन करून आले, तर हे जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून आप्पांच्या वह्या घेऊन बसलेले. मी डॅशबोर्डचा कप्पा साफ करताना त्या काढून ठेवल्या होत्या. सात वह्या, १९७० पासूनच्या. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, गाव, शेरा. मी त्या कधी उघडल्याच नव्हत्या. आप्पांचं अक्षर बघवत नाही अजून.

यांची सगळी नोकरी बँकेत हिशेब तपासण्यात गेली. दुपारी जेवायला हाक मारली, तर म्हणाले, "थांब, इथं काहीतरी जुळत नाही."

संध्याकाळी मला समोर बसवून समजावून सांगितलं. १९७३ च्या अखेरीला अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोलचे भाव भडकले. त्याच महिन्यांत आप्पांच्या गाडीचे किलोमीटर जवळजवळ निम्म्यावर आलेत. "पण गावं कमी झालेली नाहीत," हे म्हणाले. "गावांची नावं तेवढीच आहेत. जवळच्या गावांपुढं किलोमीटरचा रकाना रिकामा आहे. म्हणजे तुझे वडील तिथं गाडीनं गेलेलेच नाहीत. पण गेलेत."

मला एकदम सायकल आठवली. ओट्याला टेकवलेली, कॅरिअरला बॅग दोरीनं बांधलेली. मी चार-पाच वर्षांची असेन. दारात गाडी असताना आप्पा सायकल का काढतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता आणि नंतरही कधी पडला नाही. बावन्न वर्षांनी त्याचं उत्तर मला यांनी दिलं, रिकाम्या रकान्यातून.

रात्री हे स्वतःहून खाली गेले आणि मीटरचा आकडा टिपून आले.

मंगळवार, १९ ऑगस्ट

टाकी बसली, पंप बसला, तरी गाडी सुरू होईना. ठिणगीच नाही. चाचांनी माझ्या लेकीला हाक मारली. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण तिनं आजवर इंजिन पाहिलं ते कापून रंगवून ठेवलेलं.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत रोटर, त्याखाली नखाएवढे दोन पॉईंट, एकमेकांवर टेकलेले आणि काळे पडलेले. चाचांनी तिला बारीक पॉलिश पेपरची पट्टी दिली. दोन पॉईंटच्या मध्ये सरकवायची, हलकेच ओढायची, पुन्हा सरकवायची. काळं गेलं आणि आतून राखाडी चमक आली. मग इंजिन हातानं इतकं फिरवलं की कॅमचा उंचवटा पॉईंटला पूर्ण उघडा धरील, आणि त्या फटीत फीलर गेजची पाती घातली. फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली. स्क्रू किंचित ढिला, किंचित सरकव, पुन्हा पाती. तीन वेळा तिनं घट्ट केला आणि तीनही वेळा घट्ट करताना फट हलली.

"पाती कशी यायला हवी, चाचा?"

"ओल्या केसांतनं फणी येती न्हवं, तशी. अडली बी न्हाई पायजे आन् सुटली बी न्हाई पायजे."

चौथ्यांदा तिनं डोळे मिटून पाती ओढली. "आली," म्हणाली. चोक ओढून किल्ली फिरवली, गाडी दोनदा खोकली आणि धरली. सगळ्या बोळात निळा धूर. लेकीच्या गालावर ग्रीसचा पट्टा होता आणि ती कुणाकडंही न बघता नुसती इंजिनाकडं बघत होती. मी तिला गेली दोन वर्षं फियाटचे फोटो पाठवत होते. तिनं कधी एका ओळीचं उत्तर दिलं नव्हतं. दाखवून काही होत नाही, हे मला आज कळलं. हात घालू द्यावा लागतो.

बुधवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून गणपती फियाटमधून आणला. सासूबाईंना मागं बसवत होते, तर त्या म्हणाल्या, "मला पुढं बसू दे." हिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, हँडलवर, पुढची सीट सलग बाकासारखी. मी चालवायला, मध्ये धाकटा, दाराशी सासूबाई. मागं हे, मांडीवर पाट आणि पाटावर देव. तोंडानं सारखं "सावकाश, सावकाश."

वाटेत सासूबाई बोलू लागल्या. १९६५ सालची त्यांची वरात गिरगावात डुक्कर फियाटमधून निघाली होती. ती हिच्या आधीची गाडी, गोल पाठीची, तोंडाशी डुकरासारखी. "तिची पुढची दारं उलटी उघडायची. बिजागरी मागं. नऊवारी असो की जड शालू, दाराकडं पाठ करायची, टेकायचं, आणि पाय आत घ्यायचे. झालं. या तुमच्या गाड्यांत शिरताना डोकं आधी घालावं लागतं." मग थोडं थांबून, "तुझे सासरे पुढं बसले होते, मी आणि करवल्या मागं. त्यांना मी म्हटलं होतं, मला पुढं बसायचंय. हसले सगळे."

मागून हे म्हणाले, "आई, हे तू कधी सांगितलं नाहीस."

"कधी पुढं बसलेच नाही, तर काय सांगू?"

मिरजकर तिकटीला गर्दीत अडकलो तेव्हा त्यांनी काच खाली केली, कोपर बाहेर ठेवलं आणि तसंच ठेवलं, घर येईपर्यंत.

रविवार, १४ सप्टेंबर

पन्हाळ्याला निघालो. पाऊस सरून ऊन तापलेलं. वाघबीळच्या चढावर गाडी आचके देऊ लागली आणि कडेला घेईपर्यंत बंद पडली. किल्ली मारली, स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही. मागं गाड्यांचे भोंगे. माझ्या पोटात गोळा आला. आता हे म्हणतील, नव्या गाडीनं आलो असतो तर. सासूबाई बरोबर, उन्हाची वेळ.

हे उतरले, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "ओला फडका."

मला कळेना. "आंबोली घाट, मे चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "शेरा काय आहे ठाऊक आहे? 'पंप तापला. ओला फडका. वीस मिनिटं.' असे अकरा शेरे आहेत, सगळे चढावरचे, सगळे दुपारचे." त्यांनी आपला रुमाल पाण्याच्या बाटलीनं भिजवला आणि लेकीला विचारलं, "पंप कुठला गं यातला?" तिनं बोट दाखवलं. पंपात पेट्रोलची वाफ धरते, मग पंप वाफच ढकलत राहतो आणि कार्बोरेटरला थेंब पोचत नाही; गार केलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. हे सगळं लेक आज्जीला समजावत होती. रुमालातून वाफ निघाली. त्यांनी तो पिळला, पुन्हा भिजवला, पुन्हा गुंडाळला, तापलेल्या पोराच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात तसा.

आम्ही सगळे करंजाच्या सावलीला बसून भडंग खाल्लं. मी मुद्दाम घड्याळ बघितलं नाही. ह्यांनी बघितलं. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली आणि गाडीनं पहिल्या फेऱ्यात धरलं. यांनी माझ्याकडं बघितलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. असं बघणं मी फार दिवसांनी बघितलं.

रविवार, २१ सप्टेंबर

आज भांडण. बारीक नाही, चांगलं.

यांनी कागद काढले आहेत. गाडी पन्नास वर्षांवरची. २०२१ च्या केंद्राच्या नियमानं तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते. नव्या नोंदीला वीस हजार आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. यांचे डोळे चमकत होते. "तिचा मान आहे तो," म्हणाले. ज्यांनी तिला टॅक्सी म्हटलं, त्यांनी.

पण मी पुढचं वाचलं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. म्हणजे सासूबाईंना दवाखान्यात नाही, मंडईत नाही. आप्पांनी ही गाडी चिखलातून बाळंतिणींपर्यंत नेली. तिला मी काचेत ठेवणार नाही. दर पाच वर्षांनी आरटीओत उभं राहीन, पर्यावरण कर भरीन.

"आणि कुणी ठोकली तर? दारं कुठून आणशील?" हेही खरंच आहे. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर रिक्षा घासून गेली, तर एका बाजूची पट्टी मिळवायला तीन आठवडे लागले.

शेवटी लेक म्हणाली, "मला शिकायचीय ती. रोज चालवल्याशिवाय हँडल गिअर येणार नाही." हे गप्प झाले. कागद फाइलीत गेले. फाडले नाहीत, फाइलीत गेले. मला तेवढं पुरे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

काल खंडेनवमीला चाचांच्या गॅरेजात पान्यांची पूजा होती. लेकीनं आपला फीलर गेज त्यांच्या पान्यांशेजारी नेऊन ठेवला. आज गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू.

हार ओवताना हे म्हणाले, आज शास्त्रीजींचीही जयंती. त्यांनी पंतप्रधान असताना १९६४ ची फियाट घेतली होती, बारा हजारांची. पाच हजार बँकेकडून कर्ज. ते ताश्कंदला गेले ते परत आलेच नाहीत, आणि उरलेलं कर्ज पत्नी ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. गाडी दिल्लीला त्यांच्या स्मारकात आहे. सासूबाईंनी ओवायचं थांबवलं. "हप्ते तिनं फेडले," एवढंच म्हणाल्या, आणि एक मोठं फूल निवडून माळेच्या मध्याला घातलं.

संध्याकाळी दसरा चौकाकडं निघालो. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार यायच्या वाटेवर सासूबाईंना उभं राहायचं होतं. मी किल्ली घेतली, तर हे म्हणाले, "आज मी."

दोन महिने ते हँडलला शिवले नव्हते. लेक मध्ये बसली, आज्जी दाराशी. पुढच्या सीटवर तिघं. धाकटा आणि मी मागं. पंचेचाळीस वर्षांनी मी या जागी बसले, उजवीकडं, जिथं सीटची एक स्प्रिंग मांडीला टोचते. ती अजून टोचते. आप्पांच्या मानेऐवजी समोर यांची मान, घामानं भिजलेली. "क्लच पूर्ण, बाबा. आता ओढू नका, नुसता सोडा, तो जातो आपोआप," लेक सांगत होती. दुसरा पडताना गाडी करकरली, तिसरा गुपचूप पडला.

घरी आल्यावर यांनी सातवी वही काढली. आप्पांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ मोकळी सोडली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, गाव. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग लिहिलं: 'पाणी उकळलं नाही. आई पुढं.'