पाऊस मोजला जातो, पण विचारला की सापडत नाही

विषय थोडा रुक्ष आहे, पण ज्याच्या वावरात सोयाबीन आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावं.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात ३० महसूल मंडळं. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला तर ती अतिवृष्टी. २०२३ मध्ये सरकारनं ‘सततचा पाऊस’ हीसुद्धा आपत्ती मानली. त्याच्या अटींमध्ये सलग ५ दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस आणि मागच्या १० वर्षांच्या सरासरीशी तुलना आहे. म्हणजे मदतीची पहिली पायरी एकच प्रश्न: अमुक मंडळात, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, पाऊस किती?

महावेधची स्वयंचलित केंद्रं दर १० मिनिटांनी नोंद घेतात. एका केंद्राच्या दिवसाला १४४ नोंदी. ३० मंडळांच्या वर्षाला पावणेसोळा लाखांच्या वर. १० वर्षांचं धरलं तर दीड कोटीच्या पुढं. अशा ढिगातून एका मंडळाचा जुलै काढायला बसलं की स्क्रीनवर चक्र फिरत राहतं, आणि समोरचा म्हणतो, "सर्व्हर स्लो आहे, उद्या या."

पुण्यात डेटाबेसचं काम करणाऱ्या माझ्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, दरवेळी मशीन कमजोर नसतं. तुमच्या पेपरच्या जुन्या अंकांचंच बघा ना."

त्यानं सांगितलं ते असं. अंक नुसते ढीग लावून ठेवले तर एक बातमी शोधायला सगळा ढीग उपसावा लागतो. तारखेची सूची असली की थेट तिथं हात जातो. कॉम्प्युटरमध्ये यालाच इंडेक्स म्हणतात. आपल्या कामाला तो आधी मंडळ, मग वेळ असा हवा. दुसरं, महिन्यावार गठ्ठे बांधायचे. जुलै हवा तर बाकीच्या गठ्ठ्यांना हातच लावायचा नाही. तिसरं, प्रत्येक अंक उचलून "तू कोणत्या सालचा?" असं विचारायचं नाही. सुरुवात आणि शेवट ठरवून तेवढाच भाग काढायचा. नोंदीच्या तारखेतून आधी साल वेगळं काढून मग तुलना केली, तर सूची असूनही बहुतेक वेळा ती कामी येत नाही. चौथं, रोजची बेरीज एकदाच करून वेगळ्या तक्त्यात ठेवायची. मग १० वर्षांच्या दीड कोटी नोंदींऐवजी १ लाख ९ हजार ओळी बघाव्या लागतात.

यात एक खोच आहे, ती नीट लक्षात घ्या. ‘१ ते ३० जून’ असं विचारलं तर कॉम्प्युटर ३० जून म्हणजे त्या दिवसाची सुरुवात, रात्रीचे १२, असं धरू शकतो. अन् ३० तारखेचा अख्खा पाऊस हिशोबातून गायब! म्हणून ‘१ जूनपासून, १ जुलैच्या आधीपर्यंत’ असं विचारायचं. त्यात हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ. रात्री कयाधूला पूर आला तरी तो पाऊस दुसऱ्या दिवशीच्या तारखेवर चढतो. हा फरक धरला नाही तर सलग ५ दिवसांचे ४ व्हायला वेळ लागत नाही. शेतकऱ्याला कारण कळतच नाही, यादीत नाव नाही एवढंच कळतं.

या चारही गोष्टींना नवी इमारत लागत नाही, मोठं टेंडरही लागत नाही. जाणकार माणूस आणि थोडे दिवस लागतात.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक मंडळाची रोजची पावसाची बेरीज, मागच्या १० वर्षांसकट, तारखेवार उघडता येईल अशी लोकांसमोर ठेवा. दिवस किती वाजता सुरू धरला तेही त्यावर लिहा. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव, हिंगोली, कुठल्याही तालुक्यातल्या शेतकऱ्याला आपल्या मंडळाचा आकडा मोबाईलवर दिसला पाहिजे, आणि तोही पंचनाम्याची मुदत संपायच्या आत. नंतर कितीही बरोबर आकडा मिळाला, तरी त्याचा उपयोग काय?

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. मसुदा पाहिजे असेल तर सांगा, मी लिहून देतो.