दारातला मांडव

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीची, म्हणजे २०२४ सालची गोष्ट. भाऊबीजेची ओवाळणी आटोपून आम्ही माहेरच्या ओसरीवर चिवडा खात बसलो होतो. तेवढ्यात माझी धाकटी बहीण म्हणाली, "ताई, लग्न ठरलंय खरं, पण मला कार्यालय नको. आजीच्या वेळी व्हायचं तसं करायचं. दारात मांडव, पत्रावळीवर पंगत, आणि सव्वाशेच्या वर एक माणूस नाही."

खरं सांगू? मला हसूच आले. हल्ली 'जुन्या पद्धतीचे लग्न' ही एक नवी हौस निघाली आहे. पितळेची भांडी भाड्याने आणायची, बैलगाडी भाड्याने आणायची, मांडवाच्या कोपऱ्यात एक जाते फोटोपुरते ठेवायचे. साध्या लग्नापेक्षा या जुन्या लग्नालाच जास्त पैसे पडतात! मी तसे म्हटलेही. धाकटी म्हणाली, "भाड्यानं काही आणायचं नाही. घरात असेल ते वापरायचं, नसेल ते हातानं करायचं, आणि करता येत नसेल तर त्याच्याशिवाय लग्न लावायचं."

आता तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? मलाही तसेच वाटले होते.

पहिली अडचण दिवसांची. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात, आणि पौष लागला की आपल्याकडे लग्ने थांबतात. मधे राहतात ते जेमतेम दीड महिना. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार आईने आधीच वजा केले, कारण त्या दिवशी घरोघरी महालक्ष्मीचा घट आणि बायांचे उपास. शेवटी दत्तजयंतीच्या आधीचा एक दिवस धरला. आमचे गाव निफाड तालुक्यात. थंडीच्या दिवसांत राज्यात सर्वांत कमी तापमान कुठे, असे विचारले तर बहुतेक वेळा निफाडचेच नाव वर्तमानपत्रात असते. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो. अशा गावात उघड्या अंगणात लग्न! आमचे हे म्हणाले, "अक्षतांऐवजी पाहुण्यांना कानटोप्या वाटा."

पण खरी अडचण थंडीची नव्हती, अण्णांची होती.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, तसे कधी मोठ्याने बोलत नाहीत. पण या वेळी ते ताटावरून उठले. "मोठीचं थाटात केलं, धाकटीचं अंगणात उरकलं, असं म्हणतील लोक. पाचशे माणूस जेवलंय मोठीच्या लग्नात." आणि दोन दिवस त्यांनी लग्नाचा विषयच काढू दिला नाही.

माझे लग्न २०११ सालचे. तालुक्याच्या गावी कार्यालय, बँड, घोडा, दोन्ही बाजूंचा मानपान, सगळे यथासांग. मी बी.ए.ची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झालेली, त्यात माझ्या मैत्रिणीच्या लग्नात जसा बँड होता तसाच हवा म्हणून मीच हटून बसले होते. हे मी इतकी वर्षे सोयीस्करपणे विसरले होते.

लग्नाची यादी करायला कोरी वही हवी म्हणून मी अण्णांची पेटी उघडली, तर वहीऐवजी हाती लागले एका पतसंस्थेचे कर्जाचे पासबुक. चार लाख, मे २०११. शेवटचा हप्ता २०१९. मधल्या एका वर्षी, द्राक्षे गारपिटीत गेली तेव्हा, नुसते व्याज भरलेले. मी आकडे पाहात बसले आणि मग साल पाहिले. धाकटी बारावी झाली ते साल. तिला पुण्याला फार्मसीला जायचे होते. 'घरापासून लांब नको' म्हणून ती तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेली, असे आम्हा सर्वांना सांगण्यात आले होते.

मी पासबुक घेऊन तिच्याकडे गेले. ती मटार सोलत होती. "तुला माहीत होतं?" म्हटले. "मीच तर दर महिन्याला हप्ता भरायला जायचे, सायकलवरून," ती म्हणाली. एवढेच. पुढे ना ती बोलली, ना मी. पण त्या दिवसापासून मी तिच्या बाजूला गेले.

यादी ही फार वाईट गोष्ट आहे, बायांनो. सव्वाशे माणसे ठरवायची म्हणजे पाचशे माणसे गाळायची! आम्ही तीनदा बसलो. शेवटी एक नियम केला: गेल्या दोन वर्षांत ज्यांच्या घरचे आजारपण किंवा सुखदुःख आपल्याला वेळेवर कळले, ती आपली माणसे. या नियमाने चुलत्यांतले एक घर गळले आणि शेजारची किराणावाली आली. मोठ्या काकूंनी मात्र तोंड फिरवले. त्यांच्या माहेरच्यांना बोलावणे नाही, हा त्यांचा अपमान. मी त्यांना आठवण करून दिली, "काकू, २०२० साली सरकारनं पन्नासच माणसांना परवानगी दिली होती, तेव्हा तुमच्या नातीचं लग्न झालंच की!" त्या म्हणाल्या, "तेव्हा सरकारनं नाही म्हटलं होतं. आता तू म्हणतेस." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही नाही.

बोलावणी पोस्टकार्डावर धाडली. पन्नास पैशांचे कार्ड अजून मिळते, फक्त दोन पोस्टांत हेलपाटे घालावे लागले. पन्नास कार्डे, पंचवीस रुपये. पाच उरली, बाकीची अण्णांच्या अक्षरात गेली. त्यांचे अक्षर मोत्यासारखे आहे म्हणून मी मुद्दाम त्यांच्यापुढे गठ्ठा ठेवला. पहिली दोन त्यांनी कपाळाला आठ्या घालून लिहिली. दहाव्या कार्डापाशी माझ्याकडे दौत मागितली, बॉलपेनने त्यांना जमेना. एक सूचना मात्र करते. विवाहनोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका मागतात, ती नसेल तर प्रतिज्ञापत्र लागते. आमचे पोस्टकार्ड पत्रिका म्हणून चालेल की नाही या काळजीने आम्ही प्रतिज्ञापत्र करूनच ठेवले. तीन साक्षीदारही आधी पक्के करा, ऐन वेळी एखादा परगावी निघून जातो.

लाडूंचा हिशेब उपयोगी पडेल म्हणून देते. एक किलो बेसनाला अर्धा किलो तूप आणि पाऊण किलो पिठीसाखर धरली तर पन्नास ग्रॅमचे पंचेचाळीस लाडू होतात. आम्ही आठ किलो बेसन घेतले, तीनशे साठ लाडू झाले. पानात दोन आणि घरी न्यायला एक. एका वेळी दोन किलोच्या वर बेसन भाजायला घेऊ नका, हात भरून येतो आणि तळाला करपते. थंडीत साखर घातल्यावर मिश्रण लवकर घट्ट होते, तेव्हा वळायला चार जणी हव्यात. एकटीचे काम नव्हे.

पैठणीची गोष्ट जरा दुःखाची आहे. आजीची नऊवारी पैठणी धाकटी नेसणार, हे ठरलेलेच होते. येवला आमच्याच जिल्ह्यात, तिथलीच ती विणलेली. ट्रंकेतून काढली तर पदर जसाच्या तसा, जर लखलखीत, पण अंगातले रेशीम घड्यांवर चिरलेले. येवल्याला एका विणकराच्या घरी घेऊन गेलो. म्हाताऱ्या बाबांनी बोटाने नुसते दाबून पाहिले आणि म्हणाले, "रफू करून देईन, पण काष्टा घालून ही मुलगी पाटावर बसली की फाटेल." तीस वर्षे एकाच घडीत ठेवली होती! तुमच्या ट्रंकेत अशी साडी असेल तर आजच काढा, वेगळ्या ठिकाणी घडी घाला, जुन्या मऊ धोतरात गुंडाळा, आणि डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. पदर कापून त्याचा अंतरपाट करावा असे मी सुचवले. आईने माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा तोंड उघडले नाही. शेवटी धाकटी साधी सुती इरकली नेसली आणि पैठणी शेल्यासारखी खांद्यावरून घेतली.

मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. त्याच आठवड्यात महात्मा फुल्यांचा धडा होता. पहिला सत्यशोधक विवाह पुण्यात झाला तो २५ डिसेंबर १८७३ रोजी, सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा, आणि त्यात पुढाकार सावित्रीबाईंचा. खर्च जवळजवळ नाहीच. मुलांना हे दरवर्षी सांगते. या वर्षी सांगताना मध्येच थांबले. राधेच्या घरातही कोणी ताटावरून उठले असेल का, असे मनात आले.

परगावचे तीसेक पाहुणे आदल्या रात्री येणार. गाद्या भाड्याने आणायच्या नाहीत हे ठरलेले, म्हणून गल्लीतल्या घराघरांतून गोधड्या गोळा केल्या. परत करताना घोळ नको म्हणून प्रत्येक घराच्या गोधडीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि कोणाचा रंग कोणता ते कॅलेंडरमागे लिहून ठेवले.

त्या रात्री थंडी अशी पडली की खोबरेल तेलाची बाटली दगड झाली. तीनच्या सुमारास मला जाग आली तर अण्णा अंथरुणात नव्हते. आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. मणी फुगायच्या दिवसांत अशी थंडी पडली की वाढ थांबते, मणी तडकतात, म्हणून बागेत पहाटे जागोजाग शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. लग्न असो की काही असो. मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले. आजूबाजूच्या सगळ्याच बागांत विस्तव दिसत होते. अण्णा काटक्या सरकवत बसले होते.

मी म्हटले, "अण्णा, मी पासबुक पाहिलं."

ते काही बोलले नाहीत.

"बँड मीच मागितला होता," मी म्हटले.

"तेव्हा द्राक्षाला भाव होता," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. म्हणून वाटलं होतं, हिचं तरी नीट करावं." चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच प्यायला आणि मला पुढच्या ओळीतली शेकोटी पाहायला पाठवले.

लग्न छान लागले. मांडवाचा पूर्वेकडचा भाग मुद्दाम उघडा ठेवला होता, त्यामुळे ऊन थेट पाटावर आले. हळद पहाटे न लावता आदल्या दिवशी दुपारीच लावली होती, त्यावर काकू कुरकुरल्या. (हो, काकू आल्या होत्या! माहेरच्यांशिवाय, पण आल्या.) पंगत बाराला बसवली. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, वांगी-पावटा, आणि मठ्ठ्याऐवजी गरम कढी. तूप मात्र वाढेपर्यंत थिजायचे. मग तुपाची कासंडी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तेच पातेले दोघांनी पंगतीतून फिरवले. त्यांतले एक अण्णा होते. वराच्या आईला तूप वाढताना ते म्हणाले, "आमच्याकडं थंडीच फार, मानपान कमी." विहीणबाई हसल्या आणि अजून भात मागितला. सगळा मिळून खर्च एक लाख चाळीस हजार झाला, आणि तो धाकटीने आणि तिच्या नवऱ्याने निम्मा-निम्मा केला. अण्णांनी देऊ केलेले पैसे तिने घेतले नाहीत, फक्त द्राक्षांची एक पेटी मागितली, मार्चमध्ये.

उरलेली पाच पोस्टकार्डे अण्णांनी माझ्याकडून मागून घेतली होती. पंधरा दिवसांनी त्यातले एक मला नाशिकला आले. दौतीची शाई, मोत्यासारखे अक्षर: 'बाग ठीक. धाकटीचा फोन येतो. हिरव्या दोऱ्याची एक गोधडी कमी भरते, किराणावालीची आहे. तुमच्या गाडीच्या डिकीत पाहावी.'

डिकीत नव्हती. माझा मुलगा रोज तीच पांघरून झोपत होता.